बॅटरी कोणी काढली होती, परबमामा

परबमामा, काल दुपारी तुमची पेटी विमानात चढली. कार्गोच्या शेडबाहेर आम्ही सात-आठ जण उभे होतो. खालचा बकाला, म्हणजे किराणा दुकान, चालवणारा कुट्टी कुलूप लावून आला होता. तिसऱ्या मजल्यावरचे खानसाहेब होते, तुमच्या हाताखालचे दोन प्लंबर होते, मी होतो. कागद सगळे बरोबर होते, तरी तास मोडला. तुम्ही असतात तर त्या क्लार्कला ‘हबीबी, यल्ला’ म्हणून, त्याच्या मुलांची चौकशी करून अर्ध्या वेळात काम उरकलं असतंत. आम्हाला त्यातलं काही जमलं नाही. आम्ही रांगेत उभे राहिलो आणि सांगितलं तिथे सह्या केल्या.

मंगळवारी तुम्ही जेवलात, जरा पडतो म्हणालात आणि उठला नाहीत. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं. तुमचं गाव, तुमचं वय, या वाळवंटात किती वर्षं काढलीत, हे सगळं दुसरं कुणीतरी लिहील. मला दोनच कामं आहेत. एक, आपलं अर्धवट राहिलेलं भांडण. आणि दुसरं, तुम्हाला सहा वर्षांत न सांगितलेली एक गोष्ट. ती ऐकून तुम्ही मला फाडून खाल्लं असतंत, म्हणूनच ती राहिली.

आधी भांडण घेतो. ते सोपं आहे.

आम्ही अल नहदाच्या त्या सातमजली इमारतीत राहायला आलो तेव्हा तुम्ही तिथले मेंटेनन्स सुपरवायझर होतात. बाथरूमची मोरी तुंबली म्हणून आलात, दाराबाहेर चपला काढल्यात आणि मेधाचं बोलणं ऐकून म्हणालात, ‘‘अरे, आपलीच माणसं काय?’’ मेधाचं आजोळ सावंतवाडीकडचं निघालं आणि मोरी मोकळी होईपर्यंत तुम्ही तिचे मामा झाला होतात. मी काय करतो ते विचारलंत. मी जरा ऐटीत सांगितलं, की दुबईत एका कन्सल्टंटकडे आहे, मोठमोठ्या टॉवर्सची व्हेंटिलेशनची आणि फायर सिस्टीमची ड्रॉइंग्ज करतो.

‘‘म्हणजे पार्किंगमध्ये ते कार्बन मोनॉक्साइडचे डबे लावतात, ते तुम्ही?’’

‘‘सेन्सर म्हणतात त्याला. तळघरात गाड्यांचा धूर साठला की सेन्सरला कळतं आणि मोठे पंखे सुरू होतात.’’

‘‘आणि वर घरात?’’

‘‘घरात नाही लागत. कोणी मागत नाही.’’

‘‘आणि आपल्या ह्या बिल्डिंगमध्ये?’’

‘‘ही एक्झिस्टिंग आहे, मामा. जे काही आहे ते नव्या बिल्डिंगना. जुन्यांना लागू नाही.’’

तुम्ही पाना पुसत होतात. पुसता पुसता म्हणालात, ‘‘नव्या बिल्डिंगमध्ये अजून कोण राहायला आलेलं नाही. तिथे डबा. आणि जिथे माणसं झोपतात तिथे नाही. कमाल आहे हां तुमच्या इंजिनियर लोकांची.’’

मी हसलो. नियम मागच्या तारखेने लावता येत नाहीत, सिलिंग फोडून वायरी कोण टाकणार, मालक म्हणणार भाडेकरूने करावं आणि भाडेकरू म्हणणार मालकाने, असं बरंच समजावलं. माझं सगळं खरं होतं. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि चहा न घेता गेलात.

तुमच्या चिडण्यामागचं कारण मला पुढे बऱ्याच महिन्यांनी कळलं, तेही कुट्टीकडून. तुम्ही या देशात नवीन असताना कंपनीच्या कॅम्पमध्ये एका खोलीत सहा जण राहायचात. थंडीत कुणीतरी बार्बेक्यूचे उरलेले निखारे घमेल्यात घालून खोलीत आणले, दार लावलं. तुमची ड्यूटी दुसरीकडे होती. सकाळी परत आलात तेव्हा तुमच्याच वाडीतले दोघे उठले नाहीत. त्यांच्या घरी पत्रं तुम्ही लिहिलीत. तुम्ही स्वतः हे मला कधी सांगितलं नाहीत, मीही विचारलं नाही. पण त्यानंतर मी तुमच्याशी त्या विषयावर वाद घालताना आवाज जरा खाली ठेवायला लागलो.

वाद मात्र चालूच राहिला. लिफ्टमध्ये भेटलात की तुम्ही विचारायचात, ‘‘काय ओ साहेब, आज कुठली रिकामी बिल्डिंग वाचवली?’’

मग सई झाली. जानेवारी महिना, इथल्या मानाने कडक थंडी. मेधाच्या आई व्हिजिट व्हिसावर कराडहून बाळंतपणासाठी आल्या होत्या. बॅगेत साडी एक आणि बाकी सगळं बाळंतपणाचं सामान: ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, वेखंड, डिंक. शेगडी तेवढी विमानात आणता आली नव्हती. ती मी बाजारातून आणली, अरब लोक बखूर जाळतात तसलं मोठं धुपाटणं. कोळसा कुट्टीकडून. ‘‘साब, बार्बेक्यू है क्या?’’ म्हणून त्याने विचारलं. बाळंतिणीच्या खाटेखाली निखारे ठेवून तिला शेक देतात, बाळाला ओव्याची धुरी देतात, हे त्याला हिंदीत समजावताना माझी पुरेवाट झाली.

हॉस्पिटलमधून घरी आलो त्याच दिवशी तुम्ही आलात. सईच्या मुठीत काहीतरी ठेवलंत आणि माझ्या हातात एक पांढरा डबा दिलात. तुमच्या ओळखीचा एक इंग्रज मॅनेजर देश सोडून जाताना व्हिलातलं सामान वाटत होता, त्याच्याकडून तुम्ही तो मागून घेतला होतात. घरात लावायचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. दुकानात मी तो तोवर कधी पाहिला नव्हता. मेधा हॉलमध्ये होती तेवढ्यात तुम्ही तो स्वतः बेडरूमच्या भिंतीवर लावलात, बटण दाबून आवाज करून दाखवलात आणि आईंना म्हणालात, ‘‘आई, शेक द्या, पण खिडकी बोटभर उघडी ठेवा. हा ओरडला तर शेगडी बाहेर.’’

आई म्हणाल्या, ‘‘बाळंतिणीला वारा लागला तर?’’

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. म्हणजे आता इंजिनियरने सांगावं. मी म्हणालो, ‘‘बघतो मी, मामा.’’

आईंच्या माहेरी काय, सासरी काय, बाळंतिणीच्या खोलीला कौलं होती, फटी होत्या, दाराखालून मांजर जाईल एवढी जागा होती. तिथे हजार बाळंतपणं झाली आणि कुणाला काही झालं नाही. इथे अॅल्युमिनियमच्या रबर लावलेल्या खिडक्या, एसी बंद, एसीच्या जाळीवर वर्तमानपत्र, दाराच्या फटीत टॉवेल. आईंना हा फरक कळायचं काही कारण नव्हतं. मला होतं. बंद जागेत हवा कशी आत येते आणि कशी बाहेर जाते यावर माझं पोट चालायचं.

पहिल्याच दिवशी शेक सुरू होऊन पाव तास झाला नसेल, डबा कोकलायला लागला. सई दचकून रडायला लागली, मेधा वैतागली, आई घाबरल्या. मी खुर्चीवर चढलो, डबा काढला, खिडकी उघडून हवा घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. तेव्हा मी सगळ्यांना एक छोटं व्याख्यान दिलं: हे सेन्सर फार हळवे असतात, ओव्याच्या धुराने वगैरे फसतात, हा फॉल्स अलार्म आहे. मग बॅटरी काढली आणि डबा पुन्हा भिंतीवर अडकवला. तुम्ही आलात तर दिसायला हवा ना. शेक झाला की रोज बॅटरी परत घालायची, असं ठरवलं होतं. एकदाही घातली नाही.

ती मी काढली, मामा. मी. एवढं एकच वाक्य होतं, त्याला सहा वर्षं लागली.

पुढचे दहा-बारा दिवस मेधाचं डोकं दुखत होतं, मळमळत होतं. आई म्हणाल्या, अंगात वात शिरलाय, शेक वाढवायला हवा. सई दूध पिऊन खूप झोपायची. आम्ही म्हणायचो, किती शहाणं बाळ आहे, शेकाने छान झोप लागते.

त्या दिवशी सकाळी मी हमरिया फ्री झोनमध्ये एका कारखान्याच्या साइटवर होतो. तुम्हाला लिफ्टमध्ये कुट्टी भेटला, आमच्याकडे कोळशाची दुसरी पिशवी घेऊन चाललेला. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर पिशवी पाहून पुढे गेला असता. तुम्ही थांबलात. एक पिशवी संपली म्हणजे शेक रोज चालू आहे. आणि रोज शेक चालू असून डब्याबद्दल कुणाची एकदाही तक्रार कशी नाही? तक्रार न येणं हीच तुम्हाला तक्रार वाटली. एवढ्या वर्षांत माझ्या ऑफिसात इतकं सरळ डोकं मी दुसरं पाहिलं नाही.

दार आईंनी उघडलं, भिंतीला धरून. ‘‘जरा डोकं जड झालंय,’’ म्हणाल्या. तुम्ही चपला न काढता आत गेलात, आयुष्यात पहिल्यांदा. बाळंतिणीच्या खोलीत परका पुरुष जात नाही, तुम्ही तर अशा गोष्टी फार पाळायचात. पण तुम्ही गेलात, टॉवेल लाथेने उडवलात, खिडक्या सताड उघडल्यात, सईला उचलून कुट्टीच्या हातात दिलंत आणि मेधाला गालावर थापट्या मारत, ओढत बाहेर आणलंत. शेगडी हातानेच उचलून बाल्कनीत फेकलीत. तुमच्या उजव्या तळहातावर तो डाग शेवटपर्यंत होता. मंगळवारी मी तो पाहिला.

मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा तिघींनाही ऑक्सिजन लावला होता. सई मास्कखाली जोरजोरात रडत होती आणि नर्स म्हणत होती, रडू दे, रडणं चांगलं आहे. संध्याकाळपर्यंत मेधा उठून बसली. आईंना बाजूच्या खाटेवर बसवलं होतं. तेव्हा तुम्ही, हाताला बँडेज बांधलेले, खोलीत आलात आणि विचारलंत, ‘‘त्या डब्याची बॅटरी कोणी काढली होती?’’

मी बोलायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं, मामा. पण बाहेर काही आलं नाही. आईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग पदर सारखा केला आणि म्हणाल्या, ‘‘मी काढली. आवाजाने बाळ दचकत होतं.’’

तुम्ही त्यांना काय काय बोललात ते इथे लिहीत नाही. तुम्ही माझ्या मुलीच्या आणि बायकोच्या जिवासाठी बोलत होतात. त्या दोघांसाठीही बोलत असाल, जे त्या सकाळी कॅम्पमध्ये उठले नाहीत. आईंनी मान खाली घालून सगळं ऐकलं. मेधाने तेवढ्यात एकच वाक्य म्हटलं, ‘‘आई, तू मारलं असतंस ग आम्हाला.’’

आईंनी असं का केलं, हे मला तिथल्या तिथे कळलं होतं. मी जावई. परक्या माणसासमोर, दवाखान्यात, ज्या कामाचा पगार घेतो त्याच कामात मूर्ख ठरलेला जावई. जावयाची मान खाली जाऊ नये म्हणून त्यांनी स्वतःची घातली. त्यांच्या पिढीला हे करायला क्षणभरही विचार लागत नाही. मला तो क्षण मिळाला होता आणि मी तो जाऊ दिला. रात्र गेली, आठवडा गेला, त्यांचा व्हिसा संपला, त्या गेल्या. नंतर सांगणं दिवसेंदिवस अवघड होत गेलं आणि न सांगणं सवयीचं.

तुम्ही मात्र त्या प्रसंगातून एक नियम केलात. तो कुठल्या पुस्तकात नाही. बिल्डिंगमध्ये कुणाकडे नवं बाळ आलं की तो एकुलता एक डबा तुम्ही स्वतः जाऊन लावायचात. आमच्याकडून तो पाचव्या मजल्यावरच्या मल्याळी कुटुंबाकडे गेला, मग खानसाहेबांच्या सुनेकडे, मग त्या सीरियन बाईकडे. डिसेंबर लागला की प्रत्येक दार ठोठावायचात: ‘‘कोयला अंदर जलाते हो क्या? खिडकी खुला रखो, इन्शाल्ला नहीं, पक्का रखो.’’ आणि दर सोमवारी जाऊन बटण दाबून आवाज ऐकायचात. बायका वैतागायच्या, तुम्हाला फरक पडायचा नाही.

मीही माझ्या परीने काहीतरी केलं. पुढच्या तीन टॉवर्समध्ये मी फ्लॅटच्या आतसुद्धा अलार्म दाखवले. क्लायंटच्या मीटिंगमध्ये विचारलं गेलं, ‘‘हे कुठल्या कोडमध्ये आहे?’’ मी म्हणालो, असायला हवं. त्यांनी हसून लाल रेघ मारली. तिसऱ्या वेळी साहेबांनी बाजूला घेऊन सांगितलं, खलास, आता पुरे. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही पहिल्यांदाच माझ्या बाजूने चिडलात. ‘‘रेघ मारणाऱ्याला सांगा, एक थंडी आमच्या बिल्डिंगमध्ये काढ.’’

आपलं भांडण इथे संपतं, मामा. तुम्ही बरोबर होतात. डबा नव्यात हवा आणि जुन्यात आधी हवा, कारण माणसं जुन्यात राहतात. मी हे तुमच्यासमोर कधी कबूल केलं नाही, नुसता ‘बघू’ म्हणत राहिलो.

आता दुसऱ्या कामातलं उरलेलं. आमचा धाकटा, निहार, व्हायचा होता तेव्हा आईंनी फोन केला होता. मेधा म्हणाली, ‘‘नको आई, बाई ठेवलीय आम्ही.’’ सुट्टीत कराडला जातो तेव्हा मेधा मुलांना रात्री आईंजवळ झोपू देत नाही, काहीतरी निमित्त काढते. आई देवापुढे उदबत्ती लावण्याआधी मेधाच्या तोंडाकडे पाहतात. भांडण कधी झालं नाही, कुणी कुणाला टाकून बोललं नाही. मी हे सगळं बघत होतो आणि मुलांना आंबे कापून देत होतो.

तुम्हालाही ते लागून राहिलं होतं. ‘‘त्या माउलीला मी फार बोललो हो. आईच्या वयाची बाई.’’ दर दिवाळीला विचारायचात, आई येणार का? गेल्या वर्षी गावी जाताना म्हणालात, ‘‘ह्या खेपेला पुण्यावरून आंबोलीच्या रस्त्याने जातो, कराडला उतरतो, पाया पडून माफी मागतो.’’ मी म्हणालो, त्या सध्या कराडला नाहीत, पुण्याला गेल्यात. त्या घरीच होत्या, मामा. तुम्ही त्यांच्या पाया पडल्यावर त्या खरं बोलतील, याची मला भीती वाटली. तुम्ही न केलेल्या चुकीची माफी मागायची राहिली म्हणून हळहळत गेलात, आईही न केलेल्या चुकीची बोलणी खाऊन गप्प राहिल्या, आणि मधे मी होतो.

काल विमानतळावरून आल्यावर आईंना फोन केला. परब गेले म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘देवमाणूस. माझी नात त्यांच्यामुळे दिसतेय.’’ मी म्हणालो, ‘‘आई, तुम्हाला त्यांची माफी मागायची होती. म्हणजे त्यांना तुमची. ते माझ्यामुळे राहिलं.’’ आणि मग बाकीचं सगळं, एका दमात, माफीसकट. त्या म्हणाल्या, ‘‘ते बोलले ते बरंच झालं. खिडकी तर मीच लावून घेतली होती. पण नितीनराव, मला हे ठाऊकच होतं की हो. मला कशाला सांगताय?’’

सईने मधेच येऊन विचारलं, ‘‘बाबा, व्हेन इज परब आजोबा कमिंग बॅक?’’ मी म्हणालो, ते घरी गेले. ‘‘बट धिस इज हिज होम,’’ ती म्हणाली. सहा वर्षांची आहे. धावताना दम लागत नाही, वर्गात पहिली येते. तुमच्या तळहाताला जे झालं त्याच्या बदल्यात हे आहे, आणि त्याचे आभार मानायचे तर मराठीत मला शब्द सापडत नाहीत, तेव्हा नुसतं लिहून ठेवतो की ती आहे.

मुलं शाळेत गेल्यावर आज सकाळी मेधाला सांगितलं. स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच. बॅटरी, व्याख्यान, हॉस्पिटल, कराडला तुम्हाला जाऊ न देणं. मला वाटलं होतं ती ओरडेल, किंवा तुमचं नाव घेऊन रडेल. तिने गॅस बंद केला, हात पुसले आणि ओट्याला टेकून उभी राहिली. मग तिने एकच विचारलं.

‘‘निहारच्या वेळी आईचा फोन आला होता, येऊ का म्हणून. मी नको म्हटलं, तेव्हा ती रडत होती. तू माझ्या शेजारीच बसला होतास ना?’’

मी हो म्हणालो, मामा.